नेलपॉलिशच्या रेघेपर्यंत

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. घरात रिकाम्या बाटल्या साठतात तसे ते साठतात. एक दिवस पाय लागतो आणि आवाज होतो. आमच्या दवाखान्यात ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात साठलेत, आणि तेही पोस्टकार्डांवर. आता डब्याचं झाकण बसत नाही. परवा कुसुम सिस्टर म्हणाल्या, "एक तर दुसरा डबा आण, नाहीतर हे कुठंतरी लिहून काढ." डब्यासाठी उन्हात बाजारात जावं लागतं. म्हणून लिहितोय.

आधी मी कोण ते सांगून टाकतो. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. मला काढलं नाही, मी सोडलं. आमचे एक प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या वहीतून फळ्यावर उतरवायचे, आम्ही फळ्यावरून वहीत, आणि परीक्षेला वहीतून पेपरात. मधल्या मध्ये कुणाच्याच डोक्याला त्रास नाही! मी घरी आलो तेव्हा काका लोकांची बैठक बसली. माझं पुढं काय वाटोळं होणार हे प्रत्येकानं सांगितलं. कॉलेजात काय झालं हे एकानंही विचारलं नाही. सध्या मी सांगलीत सरांच्या दवाखान्यात एक्स-रेचं मशीन चालवतो. सर म्हणजे डॉक्टर सुहास, लघवीच्या विकारांचे सर्जन. काका लोक गावात सांगतात, पुतण्या 'मेडिकल लाइनला' आहे. कुठल्या लाइनला, ते सांगत नाहीत.

तर ती लाइन अशी. लघवीची वाट कधी कधी मध्येच आवळते. कुणी सायकलच्या दांडीवर आपटलेलं असतं, कुणाला जुना संसर्ग झालेला असतो, कुणाला कुठल्या तरी ऑपरेशनात नळी आडदांडपणे घातलेली असते. आत वण पडतो, वण आकसतो, आणि धार बारीक होत होत थेंबावर येते. त्यावर जुना इलाज म्हणजे लोखंडी सळई. वाकड्या टोकाची, गुळगुळीत, एकाहून एक जाड. ती पुढून आत सारायची. वाट रुंद होते, पण खरवडतेसुद्धा. खरवडली की नवा वण. महिन्याभरानं पुन्हा सळई.

सर फुगा वापरतात. आधी एक बारीक तार आवळलेल्या जागेतून पार करायची. तारेवरून नळी सरकवायची, नळीला चिकटलेला फुगा बरोबर आवळलेल्या जागी आणायचा आणि औषधी पाण्यानं भरायचा. मशीनच्या पडद्यावर फुगा दिसतो तो डमरूसारखा, मध्ये कंबर असलेला. ती कंबर म्हणजेच रोग. मी काट्यावरचा दाब मोठ्यानं वाचतो: चार, सहा, आठ. आणि मग एकदम कंबर जाते. डमरूचा तक्क्यासारखा लोड होतो. पुढून ढकलणं नाही, खरवडणं नाही. जिथं आवळलंय तिथंच, आतून बाहेर, चारी अंगांनी सारखं. दोन वर्षं यंत्रं शिकलो त्यात एवढी नेकीची गोष्ट मला कुणी दाखवली नव्हती.

आणि सर खोटं बोलत नाहीत. प्रत्येकाला सांगतात, "मी बरं केलं म्हणणार नाही. उघडं केलं म्हणेन. परत आवळू शकतं." म्हणून तर पोस्टकार्डं. फुग्यानंतर आठवडाभर ठेवलेली लघवीची नळी काढून घरी जाताना पेशंटला एक पांढरा प्लास्टिकचा मग मिळतो. त्यावर कुसुम सिस्टरांनी लाल नेलपॉलिशनं रेघ ओढलेली असते. सोबत आमचा पत्ता छापलेली तीन कार्डं. महिन्यातून एकदा मगात धार सोडायची, रेघेपर्यंत भरायला किती सेकंद लागले ते मोजायचं आणि कार्डावर फक्त तो आकडा लिहायचा. दुसरं काही नाही, कारण आपल्या लोकांना लाज फार. पंधराच्या आसपास आला तर झकास. तिशीकडे झुकला तर सर स्वतः पत्र लिहून बोलावतात.

आता सांगायचा राहिला एकच माणूस. साताऱ्याचे बापूसाहेब. चाळीस वर्षं सर्जन, सरांचे गुरू. त्यांच्याकडे दर मंगळवारी सळईचा वार असतो. डझनभर माणसं वर्षानुवर्षं दर महिन्याला तिथं जातात, ओठ चावून आडवी होतात, रक्त गाळत घरी जातात. आम्ही त्यांना मंगळवारवाले म्हणतो. आम्ही दर गुरुवारी एस.टी.नं साताऱ्याला जातो, तिथं एका भाड्याच्या खोलीत सर पेशंट तपासतात. मंगळवारवाले रस्त्यात भेटले तर नमस्कार करतात, पण पायरी चढत नाहीत. साहेबांना विचारल्याशिवाय कसं यायचं? आणि साहेब सरांना म्हणतात फुगेवाला.

सरांना ती डझनभर माणसं हवी आहेत. धंद्यासाठी नव्हे. त्यांना रात्रंदिवस ती दिसतात म्हणून. दर महिन्याला सर बापूसाहेबांना पत्र लिहितात: अमक्याचे आधी पंचावन्न सेकंद होते, आता सोळा. खाली सही. उत्तर कधी येत नाही. मी एकदा चिडून विचारलं, "म्हाताऱ्याला एवढं का भिता?" सर म्हणाले, "भीत नाही रे. पहिला टाका घातला तेव्हा माझ्या हातावर त्यांचा हात होता."

मी मशीन पुसत बसलो.

* * *

लाजेवरनं आठवलं. आमच्याकडे बसलेला एकही म्हातारा स्वतःसाठी आलेला नसतो. कुणी 'इकडनं चाललो होतो' म्हणून येतो, कुणाचा गुडघा दुखत असतो. गुडघ्याचा दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे.

एकदा इस्लामपूरकडचे एक पाटील आले. फेटा, काठी, पाठीमागं मुलगा. बसतात न बसतात तोवर दारातून दुसरे एक गृहस्थ आले, आणि दोघंही ताडकन उभे राहिले. व्याही निघाले! याची मुलगी त्याच्या घरात दिलेली. राम राम झाला, पाऊसपाणी झालं. हे म्हणाले, आमच्या गावचा एक माणूस इथं ॲडमिट आहे, त्याला बघायला आलो. ते म्हणाले, आमचंही तसंच. दवाखान्यात त्या दिवशी ॲडमिट कुणीच नव्हतं. दोन तास दोघं शेजारी शेजारी बसले, पाय आवळून, घामाघूम.

शेवटी कुसुम सिस्टर दोन मग घेऊन बाहेर आल्या. त्यांच्यापाशी संकोच नावाची वस्तू नाही. दोघांच्या हातात एकेक मग दिला आणि म्हणाल्या, "मागच्या मोरीत एकेकानं जायचं. रेघ बघून भरा."

बाकावरचे सगळे छताकडे बघायला लागले. मग मुलीकडच्या पाटलांनी मग खाली ठेवला, हात जोडले आणि व्याह्यांना म्हणाले, "आधी तुमी. मुलाकडच्यांचा मान पैला."

* * *

साताऱ्याकडचे एक सुभेदार. पेन्शनीत येऊन पंधरा वर्षं झालेली, पण पाठ अजून परेडवर. त्यांना फुगा घातला आणि अप्रतिम उघडलं. मी पडद्यावर स्वतः बघितलं होतं. महिन्यानं कार्ड आलं: २८.

सरांचा चेहरा पडला. इतक्या लवकर कसं आवळलं? पुढच्या महिन्याचं कार्ड: २९. सरांनी पत्र टाकून बोलावलं, टेबल तयार केलं, नवी तार काढली. सुभेदार हजर. दुखतं का? नाही. जोर करावा लागतो? नाही. रात्री उठावं लागतं? "एकदा, तेही सवयीनं." सर म्हणाले, बघू. सुभेदार मग घेऊन मोरीत गेले आणि मी दाराबाहेर घड्याळ घेऊन उभा राहिलो.

चौदा सेकंद! पुन्हा दोन तासांनी मोजलं. चौदा. सरांनी विचारलं, "सुभेदार, घरी घड्याळ नाही का?"

"आहे की. पण दोन्ही हात कामात असतात. मी तोंडानं मोजतो."

"मोजून दाखवा बरं."

सुभेदारांनी टाचा जुळवल्या आणि सुरू झाले: लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट. जलद चालीत! मिनिटाला एकशेवीस पावलं. चाळीस वर्षांपूर्वी शिकवलेलं, मोरीतसुद्धा तेच.

सरांनी तार परत पाकिटात ठेवली. "सुभेदार, पुढच्या महिन्यापासून स्लो मार्च."

* * *

फलटणच्या बाजूच्या एका गावातले रामभाऊ. ऊसवाले, भला माणूस, गाडीवरून पडल्यावर आवळलं होतं. त्यांनी पहिलं कार्ड इमानदारीत टाकलं: १७. आता उघडं पोस्टकार्ड गावच्या पोस्टमनच्या हातात पडलं की ते पत्र राहत नाही, वर्तमानपत्र होतं. पोस्टमननं चहाच्या टपरीवर सांगितलं की रामभाऊंनी सांगलीच्या कुणा डॉक्टरला नुसता एक आकडा कळवलाय. ना नमस्कार, ना मजकूर. सतरा.

ज्या गावात मटका चालतो तिथं दोन अंकी आकड्याचा अर्थ एकच असतो. अर्ध्या गावानं त्या संध्याकाळी सतराची जोडी लावली.

आणि लागली की हो!

रामभाऊंना काही पत्ता नाही. फक्त त्यांना नमस्कार जरा जास्त पडायला लागले. दुसऱ्या महिन्याचं कार्ड गेलं: १९. सगळं गाव एकोणीसवर. आकडा फुकट गेला. तेव्हा पोरांनी रामभाऊंना घेरलं आणि म्हाताऱ्यानं घाबरून खरं सांगितलं की बाबांनो, तो आकडा माझ्या लघवीचा आहे. वाटलं होतं, विषय मिटेल.

पुढच्या सोमवारी दवाखान्यासमोर एक जीप थांबली. त्यातून अकरा माणसं उतरली, मध्ये रामभाऊ, नवरदेवासारखे. उपसरपंच पुढं झाले. म्हणाले, "डॉक्टरसायेब, म्हातारा बिघडलाय. आणि एकदा फुगा घालून द्या."

सरांनी तपासलं. बाहेर येऊन सांगितलं की काही बिघडलेलं नाही, एकोणीस म्हणजे उत्तम धार आहे, यांना घरी न्या.

उपसरपंचांना ते पटेना. "उत्तम हाय तर मग आकडा का आला न्हाई?"

* * *

जतकडचा मायाप्पा. मेंढरं राखणारा, कानडी-मराठी मिसळून बोलणारा, कमी बोलणारा. फुगा घातल्यावर सर प्रत्येकाला सांगतात, दिवसाला तीन लिटर पाणी प्या, वाट धुतली पाहिजे. मायाप्पानं मान हलवली. पंधरा दिवसांनी आला तर मगात गडद चहा. सर रागावले. क्वचित रागावतात.

मायाप्पा खाली बघत होता. मग हळू म्हणाला, त्यांच्या वाडीत चौथ्या दिवशी टँकर येतो, घरटी दोन घागरी. त्यात सून, नातवंडं, कोकरं. "तीन लिटर मी एकट्यानं प्यायचं, आन् भाईर सोडायचं. बघणाऱ्याला काय वाटंल?"

मी तिथं उभा होतो. इतकी वर्षं ज्यांनी त्या वाडीकडे मतं मागितली त्या सगळ्या थोरामोठ्यांची नावं शिव्यांसकट माझ्या जिभेवर आली, पण सिस्टर होत्या. सरांनी मायाप्पाला आठ दिवस वॉर्डात ठेवून घेतला, नुसतं पाणी पाजायला. जाताना आपल्या छापील कागदावर चिठ्ठी दिली: सदर रुग्णास रोज तीन लिटर पाणी अत्यावश्यक. सही, शिक्का.

टँकरवाल्यानं शिक्का बघितला आणि मायाप्पाला एक घागर जास्त मिळायला लागली.

पुढच्या महिन्यात एका सकाळी दवाखाना उघडला तर पायरीवर माणसं बसलेली. बाया, पोरं, म्हातारी. एकोणीस जण, सगळी मायाप्पाच्या वाडीची. कुणालाही लघवीचा कसलाही त्रास नव्हता. त्यांना चिठ्ठी हवी होती.

मला वाटलं, सर समजावून परत पाठवतील. आमचे प्राध्यापक असते तर नियम वाचून दाखवला असता. सरांनी कागदाचं पॅड घेतलं आणि एकोणीस चिठ्ठ्या लिहिल्या. आजाराचं नाव लिहायची एक रेघ असते, ती त्यांनी रिकामी ठेवली नाही. तिथं लिहिलं: तहान.

* * *

शिराळ्याचा यशवंता. नागपंचमीला नाग पकडणाऱ्यांतला, पंचक्रोशीत नाव. हातावर दोन जुन्या दंशांचे डाग मिरवणारा. टेबलावर झोपवलं, आणि सरांच्या हातातली ती तार बघून गडी पांढराफटक. "सायेब, हे जनावर लय बारीक हाय," म्हणाला.

भूल फक्त जागेपुरती, त्यामुळं तो टक्क जागा, मान वळवून पडद्याकडे बघतोय. तार आवळलेल्या जागेपर्यंत गेली आणि अडली. सरांनी जरा पुढं सारली तर तिथंच वेटोळं. मागं घेतली, पुन्हा सारली, पुन्हा वेटोळं. अर्धा तास. माझ्या अंगातला शिशाचा एप्रन ओला झाला. तार पार झाली नाही तर फुगा जाणार कशावरून?

यशवंताला राहवेना. "रागावू नका, पर तुमी तिला ढकलताय."

सिस्टर म्हणाल्या, गप पड. सर म्हणाले, "बोलू द्या त्याला."

"नाग मडक्यात घालताना ढकलला की त्यो अंग चोरतोय, गोळा होतोय. शेपटीकडनं ढिला सोडायचा. उगं जरा फिरवायचा. मडक्याचा अंधार त्याच्या म्होरं आला की आपसूक जातोय. वाट त्याला ठावी असती, तुमाला नसती."

सरांनी तार ढिली धरली. अंगठा आणि बोट, एवढ्यातच ती हलकी फिरवत राहिले. ढकललं नाही. मी पडद्याकडे बघत होतो. तारेचं टोक एकदा डावीकडे चाचपलं, एकदा उजवीकडे, आणि मग कुणी हाक मारल्यासारखं सरळ आत गेलं.

यशवंतानं श्वास सोडला. "आता मडकं झाका," म्हणाला.

त्या महिन्याच्या पत्रात सरांनी हेसुद्धा बापूसाहेबांना लिहिलं, कुणी शिकवलं ते नावासकट. मी म्हणालो, कशाला लिहिता? लिहिलंच. त्यावर पहिल्यांदा उत्तर आलं, पण टपालानं नव्हे. साताऱ्यात चार प्रतिष्ठितांत बसून बापूसाहेब म्हणाले होते, "सुहास आता गारुड्यांकडनं सर्जरी शिकतोय." चारही प्रतिष्ठित हसले होते. आमच्यापर्यंत ही बातमी त्यातल्याच एकानं आणून पोचवली, आपुलकीनं.

सर एवढंच म्हणाले, "बरोबर आहे. शिकलो."

* * *

आता शेवटचं.

मंगळवार होता. दुपारी दारात एक जुनी ॲम्बॅसिडर थांबली. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं तरी आतला माणूस बराच वेळ उतरला नाही. मग उतरला तो कमरेत वाकून, एका हातानं दार धरून, दुसऱ्या हातात चामड्याची लांबट पेटी. मी ओळखलं नाही. सरांनी खिडकीतून बघितलं आणि हातातलं पेन तसंच उघडं टाकून धावत बाहेर गेले.

बापूसाहेब. मंगळवारी, सांगलीत.

पहाटेपासून एक थेंब नव्हता. पोट नगाऱ्यासारखं. हळूहळू कळलं ते असं. सात वर्षांपूर्वी हृदयाच्या दुखण्यात कुणी तरी नळी घातली होती, तेव्हापासून त्यांचीही वाट आवळली होती. या माणसानं कुणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. दर महिन्याला न्हाणीघराची कडी लावून, आरसा ठेवून, स्वतःच्या हातानं स्वतःला सळई घालत होता. सात वर्षं! त्या दिवशी सळई गेली नाही. जोर केला, तर नुसतं रक्त आलं.

मी त्यांच्यावर मनातल्या मनात पुष्कळ भाषणं रचून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना.

टेबलावर झोपताना त्यांनी फर्मावलं, सगळ्यांना बाहेर काढ. सर म्हणाले, सिस्टर लागतील आणि मशीनवाला लागेल. बापूसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा कोण?"

"इंजिनिअर," सर म्हणाले.

"पास?"

"नाही," मी म्हणालो.

"मग इंजिनिअर नाही."

"आणि तुम्ही आत्ता सर्जन नाही," मी म्हणालो. "पाय सरळ करा, सावली पडते."

सिस्टरांनी डोळे मोठे केले. बापूसाहेबांनी पाय सरळ केले.

पडद्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. वाट अशी नव्हतीच. एक केसासारखी रेघ, तीही वाकडी, आणि तिच्या बाजूला सकाळच्या सळईनं पाडलेला, कुठंच न पोचणारा फसवा बोळ. तार त्या बोळात गेली तर संपलं. मग पोटाला भोक पाडून नळी टाकायची आणि या वयात ते घेऊन जगायचं. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांत जास्त, झोपलेल्याला.

तार गेली आणि बोळात शिरली. सरांनी मागं घेतली. पुन्हा शिरली.

"ढकल," बापूसाहेब म्हणाले.

सरांनी हात थांबवला. वर्गात उभं केलेल्या मुलासारखा त्यांचा आवाज आला. "ढकलायचं नाही सर. तिला वाट ठाऊक असते."

बापूसाहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता उठतात. पण त्यांनी पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. सरांनी तार ढिली केली. अंगठा आणि बोट. किती वेळ गेला माहीत नाही. टोक बोळाच्या तोंडाशी गेलं, तिथं रेंगाळलं, सरकलं, आणि त्या केसासारख्या रेघेतून वर गेलं.

मग फुगा. डमरू उमटला. मी दाब वाचत होतो. चार. सहा. आठ. कंबर तशीच. दहा. बारा म्हणायच्या आत ती गेली. बापूसाहेब डोळ्याची पापणी न हलवता बघत होते. फुगा रिकामा करून, खात्रीसाठी पुन्हा भरतात, तसा भरला. यावेळी कंबर उमटलीच नाही.

"हं," बापूसाहेब म्हणाले. एवढंच.

आठवड्यानं नळी निघाली. निघताना कुसुम सिस्टरांनी नियमानं लाल रेघेचा मग आणि तीन कार्डं त्यांच्यापुढं धरली. म्हातारा उखडला. "बाई, मी सर्जन आहे."

"मग मोजता येत असेल," सिस्टर म्हणाल्या आणि पिशवीत घालून मोकळ्या झाल्या.

ती सळयांची चामड्याची पेटी ते आठवणीनं बरोबर घेऊन गेले. मी सरांना म्हणालो, बघा, मंगळवारी पुन्हा उघडणार.

पहिला महिना गेला, कार्ड नाही. दुसरा गेला, नाही. सर रोज टपाल स्वतः चाळायचे आणि मला दिसू नये म्हणून एखाद्या औषध कंपनीचं पत्रक वाचत बसायचे. मला राग यायचा. त्या म्हाताऱ्याचा, आणि थोडा सरांचाही.

तिसऱ्या महिन्यातला गुरुवार. साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो, चहा घेतला, आमच्या त्या भाड्याच्या खोलीकडे वळलो, आणि सर चालता चालता थांबले. पायऱ्यांवर माणसं बसली होती. वरच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत. चेहरे ओळखीचे. रस्त्यात नमस्कार करून पुढं जाणारे. मी मोजले. बारा.

सगळ्यांत पुढं एक पागोटंवाले आजोबा होते. आम्हाला बघून उठले, बंडीतून चार घड्यांचं पोस्टकार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी सरांपुढं धरलं.

"सायबांनी दिलंय. म्हनले, ह्ये डाक्टरला दावा, त्याला कळतंय."

कार्डावर आमचा छापील पत्ता होता. मागं, मध्यभागी, थरथरत्या पण पक्क्या अक्षरात एक आकडा. १३. बाकी कार्ड कोरं.

सरांनी ते बराच वेळ वाचलं. एक आकडा वाचायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ. मग माझ्याकडे डब्यासाठी दिलं नाही. आपल्या शर्टाच्या खिशात ठेवलं.

आजोबा वाकून बघत होते. "काय लिवलंय वं? आमी समदी इचार करतोय बसून."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खोलीचं कुलूप काढायला किल्ली दोनदा चुकली.

"या," ते म्हणाले. "पहिलं कोण?"